कोंडवाड्याचं कुलूप

जयवंता रागावली की कुत्रीसुद्धा वाट सोडून चालतात, असं बोरशेतात म्हणायचे. म्हणणाऱ्यांत तिचा नवरा नामाही असायचा, फक्त तो ते हळू आवाजात म्हणायचा.

बोरशेत म्हणजे कोंडाण्याच्या डोंगराखालचं साठ उंबऱ्यांचं गाव. नामा रेल्वेत होता, ठाकुरवाडीच्या घाटात रूळ राखणाऱ्या टोळीत. आठवड्याचे पाच दिवस तो तिकडेच असायचा. घरचं भात, दोन बैल, एक म्हैस आणि तिचं पारडू हे सगळं जयवंताच्या अंगावर. तिला त्याचं ओझं नव्हतं. माणसांपेक्षा गुरांशी तिचं बरं जमायचं.

तिचा राग शेजारपाजारच्या उखाळ्यापाखाळ्यांचा नव्हता. कुणी लुगडं कसलं नेसलं, कुणाची सून किती वेळ पाण्याला गेली, याच्याशी तिला देणंघेणं नसायचं. पण कुणाचा बैल आखूड दाव्याला बांधलेला दिसला, कुणाची म्हैस वादळवाऱ्यात आंब्याखाली उभी दिसली, की ती वाटेत थांबायची आणि त्या घरच्या कर्त्या माणसाला बाहेर बोलावून चार गोष्टी सुनवायची. म्हातारा असो, पंच असो, ती आवाज खाली आणत नसे. माघारी तिची नक्कल व्हायची. तिला ते ठाऊक होतं.

या रागाचं मूळ तिच्या माहेरी होतं. माहेर खालापुराकडचं, पाताळगंगेच्या काठावरचं. ती दहा-अकरा वर्षांची असताना श्रावणात नदी चढली. पुराच्या आवाजानं गुरं बिथरली, दावी ताणू लागली. तेव्हा तिच्या बापानं आणि चुलत्यानं ती पळून जाऊ नयेत म्हणून दुहेरी दाव्यानं खुंट्याला जखडली आणि पोरंबाळं घेऊन सगळे टेकाडावर चढले. दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं. चार गुरं गोठ्यात जागच्या जागी होती. चारही दाव्याच्या टोकाला, माना ताणून, तोंडं वर करून मेलेली. बाप डोकं धरून बसला आणि म्हणाला, देवाची मर्जी. पोर त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली, "दावं काय देवानं बांधलं हुतं?" बापानं तिच्या थोबाडीत मारली. जयवंता सांगायची, त्या दिवशी जो राग आला तो आजवर गेला नाही, आणि जायचं कारणही कुणी दिलं नाही.

बोरशेताचा कोंडवाडा ओहोळाच्या काठाला होता. चार मातीच्या भिंती, वर पत्रे, पत्र्यांवर दगड, आणि या सगळ्यावर एक जुना शिरीष ओणवा झालेला. कुणाच्या शेतात शिरलेली मोकाट गुरं तिथं आणून कोंडायची आणि मालक सोडवायला येईपर्यंत ठेवायची. किल्ली सहदेव पाटलाच्या करदोड्याला असायची. कान्हा नावाचा एक सुकलेला, भित्रा माणूस राखणीला होता. तो गुरांना वैरण टाके, पाणी दाखवी, पण दार उघडण्याचा हक्क त्याला नव्हता. वैरण-पाणीसुद्धा तो भिंतीतल्या झरोक्यातून आत सारी.

जयवंतानं पाटलाला तीनदा सांगितलं होतं की ही जागा वाईट आहे, ओहोळ फुगला तर पाणी आत येईल, झाड पडलं तर सगळं खाली दबेल. पाटील गोड माणूस. तो तिला ओटीवर बसवून घ्यायचा, पाणी द्यायचा आणि म्हणायचा, "जयवंताबाय, जागा सरकारनं नेमून दिलीय. मी कोण बदलनार?" तिसऱ्या वेळी ती पाणी न पिता उठली होती.

अठ्ठेचाळीस सालचा कार्तिक. त्रिपुरी पौर्णिमा होऊन चार-पाच दिवस झालेले. निम्मं भात कापून खळ्यावर आलं होतं, निम्मं शेतात उभं. भात कापल्या शेतात गुरं सोडली की ती शेजारच्या उभ्या पिकात शिरतातच, त्यामुळं त्या दिवसांत कोंडवाडा भरलेला असे. शनिवारी अकरा जनावरं आत होती. त्यांत वरच्या वाडीतल्या शुक्रा ठाकराची बैलजोडी होती. डोंगरउतारावर त्याची वीतभर जमीन, आणि ही जोडी हेच त्याचं सगळं. एक बैल मारका म्हणून कान्हानं पाटलाच्या देखत दोघांनाही आतल्या खांबाला आखूड बांधलं होतं. अंबाबाईची गाभण गायही आत होती. अंबाबाई म्हणजे जयवंताची शेजारीण. सहा वर्षांपूर्वी जयवंता तिला गाईच्या मानेवरच्या दाव्याच्या जखमेवरून चारचौघांत बोलली होती. तेव्हापासून दोघींत शब्द नव्हता. जयवंताचं स्वतःचं एकही जनावर कोंडवाड्यात नव्हतं.

रविवारी दुपारी नामा अवेळी घरी आला. ठाकुरवाडीला तार आली होती. समुद्रात वादळ उठलंय, मुंबईवर येतंय, रुळांवर झाडं पडतील म्हणून टोळीनं उद्या पहाटेपासून हजर राहायचं. तेवढ्यापुरता तो सांगायला उतरला होता. आभाळ तोवर तांबूस झालं होतं आणि वारा भलत्याच अंगानं येत होता. जयवंतानं तसंच पाटलाचं घर गाठलं. पाटील तिथं नव्हता. तुळशीची लग्नं होऊन माणसांची लग्नं सुरू झालेली, तो खालापुराकडं भाचीच्या लग्नाला गेलेला आणि मंगळवारी यायचा होता. किल्ली करदोड्यासकट त्याच्याबरोबर गेलेली. त्याची बायको विमल म्हणाली, माझ्या हातात काय आहे? ती खरंच बोलत होती.

मग जयवंता कान्हाकडं गेली. कुलूप काढू या, असं तिनं त्याला साध्या भाषेत सांगितलं. तो म्हणाला, माझी नोकरी जाईल, सकाळपर्यंत बघू, वारा पडेलही. नामाही म्हणाला, सकाळपर्यंत बघ. ती घरी आली. पुढं आयुष्यभर ती सगळ्या गावाला नावं ठेवायची, पण या एका गोष्टीसाठी ती स्वतःलाही ठेवायची. त्या संध्याकाळी तिच्या अंगात जोर होता, घरात कुऱ्हाड होती, आणि ती घरी आली.

नामा पहाटे गेला. उजाडलं तेव्हा वाऱ्यानं परसातली केळ मोडून टाकली होती. पाऊस आडवा येत होता. जयवंतानं आधी आपल्या गुरांची दावी मानेपासून काढली. बैल, म्हैस, पारडू सगळ्यांना गावामागच्या माळावर नेलं. तिथं एक लांबट काळा कातळ आहे, पुरुषभर उंचीचा, आसपास झाड नाही. त्याच्या आडोशाला गुरं तिनं मोकळीच सोडली. जनावराला मोकळं सोडलं की ते वाऱ्याकडं पाठ करून उभं राहतं, त्याला कुणी शिकवावं लागत नाही. आणि पळायची वेळ आली तर पळतं.

मग ती घरोघर फिरली. दावी काढा, झाडाखाली ठेवू नका, पत्र्याखाली ठेवू नका, माळावर न्या. निम्म्यांनी ऐकलं. निम्म्यांनी दारं ओढून घेतली. एकानं फटीतून विचारलं, गुरं माळावर गेली आन हरवली तर कोण देनार? तिनं त्याला, त्याच्या बापाला आणि त्याच्या फटीला जे म्हणायचं ते म्हटलं आणि पुढं गेली.

ओहोळावर आली तेव्हा पाणी कोंडवाड्याच्या उंबऱ्याला लागलं होतं. आतून गुरांचा आवाज येत होता, हंबरण्याचा नव्हे, धडका देण्याचा. कान्हा तिथं नव्हता. तो मारुतीच्या देवळात होता. गावातले दहा-बारा बाप्येही तिथंच आसऱ्याला जमलेले. देवळाच्या भिंती दगडी, तेव्हा जागा त्यांनी चांगली निवडली होती.

जयवंता निथळत आत गेली आणि म्हणाली, चला, दार फोडायचंय. कुणी उठलं नाही. गावचा पंच वाल्मिक चार यत्ता शिकलेला, कोर्टाची पायरी चढलेला. तो समजुतीच्या सुरात सांगू लागला. कुलूप सरकारी आहे. सरकारी कुलूप फोडणं गुन्हा आहे. गुरं बाहेर काढली आणि एखादं मेलं तर जबाबदारी फोडणाऱ्यावर. आत मेलं तर ती दैवी आपत्ती. कायद्यात फरक आहे. मग दुसऱ्यानं सुचवलं, खालापूरला माणूस पाठवावा. तिसरा म्हणाला, या वाऱ्यात कोण जाईल? चौथा म्हणाला, पाटलाच्या भावाला विचारू. भाऊ तिथंच बसला होता. तो म्हणाला, आमचं वेगळं झालंय. असं अर्धा-पाऊण तास चाललं. जयवंता एकेकाला उत्तर देत राहिली. इतकी चिडूनही ती त्यांना पटवत बसली, याचंच तिला मागाहून नवल वाटायचं. अकरा जनावरं कोंडलेली आणि आपण वाल्मिकशी कायद्यावर बोलतोय.

शेवटी ती कान्हाकडं वळली. "कान्हा, तू त्यांना रोज पानी दावतोस. तुला वळखतात ती. तुला पन कायदा हाय का?"

कान्हानं शेजारचं पोतं जवळ ओढलं.

देवळामागं नव्या पायरीचं काम चाललेलं होतं. तिथं पडलेली पहार तिनं उचलली आणि निघाली. थोड्या अंतरावर मागं पावलं वाजली. कान्हा डोक्यावर पोतं घेऊन येत होता.

पाणी गुडघ्याला आलं होतं. तिनं कुलपावर घाव घातले, कुलूप तसंच राहिलं. मग पहारेचं टोक कोयंड्यात घालून दोघांनी अंग टाकलं. तिसऱ्या हिसक्याला कोयंडा चौकटीच्या लाकडासकट उपटून आला. दार आतल्या धक्क्यानंच उघडलं आणि गुरं अंगावर आली. कान्हा भिंतीला चिकटला. एकामागून एक नऊ जनावरं पाण्यातून माळाकडं धावत सुटली, अंबाबाईची गाभण गाय सगळ्यांच्या मागं, पोट सांभाळत.

राहिली शुक्राची जोडी. आखूड दाव्यांनी खांबाला बांधलेली, पोटाला पाणी लागलेली. जयवंताच्या कमरेला विळा होता. मारक्या बैलाचं दावं तिनं आधी कापलं. तो तिला घासून बाहेर गेला, शिंग लावलं नाही. ती दुसऱ्याकडं वळली. दावं भिजून गच्च झालं होतं, विळा घसरत होता. दोन पीळ तुटले, तिसरा राहिला. तेवढ्यात वर कडकड झाली. कान्हानं तिच्या दंडाला धरून तिला मागं खेचलं, त्या सुकलेल्या माणसात एवढा जोर कुठून आला कोण जाणे. ती दारात पाठीवर पडली आणि शिरीष कोंडवाड्यावर आला.

बैल लगेच मेला नाही. पत्रे आणि खोड यांच्याखाली त्याचं अंग होतं, मान मोकळी होती. शुक्रा वाडीवरून धावत आला तेव्हा तो अजून श्वास घेत होता. शुक्रा पाण्यात बसला, त्याचं तोंड मांडीवर घेऊन पाण्याच्या वर धरून राहिला. जयवंता आणि कान्हा हातांनी पत्रे ओढत होते. देवळात दहा-बारा माणसं होती. सगळे आले असते तर खोड हललं असतं. आले नाहीत, वारा फार होता. मध्यान्हीच्या सुमारास शुक्रानं बैलाचं तोंड खाली ठेवलं.

जयवंता तिथून थेट देवळाच्या दारात गेली. पहार तिनं आत फेकली, ती दगडावर आपटून वाल्मिकच्या पायाशी गेली.

"अर्धा तास," ती म्हणाली. "त्या बैलाला अर्धा तास कमी पडला. तो तुमी खाल्ला."

वादळ गेलं. गावात बांधलेली सतरा जनावरं मेली होती, कुणी भिंतीखाली, कुणी आंब्याखाली, कुणी दाव्याला गळफास लागून. माळावर नेलेल्यांपैकी एक वासरू गेलं. ही मोजणी जयवंतानं स्वतः फिरून केली, कारण पुढं कुणी सांगेल की सगळीकडं सारखंच झालं. मेलेली गुरं विहिरींपासून लांब पुरायची म्हणून ती दोन दिवस भांडत होती. पेंढ्याच्या उडव्या उडून गेल्या, उरला तो भिजून कुजला. तो कुजका पेंढा खाऊन आणखी दोन म्हशी पोट फुगून गेल्या, तेव्हा कुठं लोक तिचं ऐकू लागले.

पाटील चौथ्या दिवशी आला. रस्ते बंद होते म्हणाला. कोंडवाडा बघून त्यानं पंचनामा केला. त्यात लिहिलं होतं की जयवंता नामा हिनं सरकारी कुलूप फोडलं, जनावरं बुजवली, त्या गडबडीत एक बैल दगावला. झाडाचं नाव होतं, पण शेवटी. किल्लीचं नव्हतं.

पौषात कर्जतच्या कचेरीत तिला बोलावणं आलं. तोवर गावात काहीतरी शिजलं होतं. शुक्राच्या बैलाची हळहळ वाढत गेली, पाटलाकडं लोक तिरकं बघू लागले, मग वाल्मिकनं मध्ये पडून तोड काढली. कुणीच कुलूप फोडलं नाही. वाऱ्यानं दार उचकटलं. जयवंता सुटेल, पाटील सुटेल, कान्हाची नोकरी राहील. सगळ्यांचं भलं. नामालासुद्धा ते पटलं. जयवंताला कुणी विचारलं नाही, ती सुटत असताना तिला विचारायचं काय?

मामलेदार मध्यमवयाचे, चष्म्यावरून बघणारे गृहस्थ होते. कान्हा समोर उभा राहून म्हणाला, "रावसाहेब, वाऱ्यानं झालं. वाराच तसा हुता." वाल्मिकनं तेच शुद्ध भाषेत सांगितलं. पाटील मान डोलावत होता.

जयवंता उठली. "खोटं हाय," ती म्हणाली. "कुलूप मी तोडलं. कान्हा माज्या हाताखाली हुता, मी सांगितलं म्हनून."

मामलेदारांनी कागद खाली ठेवला. बाई, तुझ्या लोकांनी तुला सोडवायचं ठरवलंय, हे कळतंय ना तुला, असं त्यांनी विचारलं.

"कळतंय. मला न्हाय सोडवत, सोताला सोडवतायत. वाऱ्यानं कुलूप तोडलं मानलं की वाऱ्यानंच बैल मारला. मग पुढल्या वादळाला किल्ली परत पाटलाच्या कमरंला. वाऱ्यानं शिरीष पाडला, ते मी मानते. शिरीषाखाली कोंडवाडा वाऱ्यानं बांधला न्हाय. बैल खांबाला वाऱ्यानं बांधला न्हाय. मी एकच गुन्हा केला रावसाहेब, आदल्या सांजंला तोडायचं ते सकाळी तोडलं. त्याची काय शिक्षा आसंल ती द्या."

मामलेदारांनी पाटलाला दोनच प्रश्न विचारले. किल्ली राखणदाराकडं का नव्हती, आणि जागेबद्दल या बाईनं आधी तक्रार केली होती का. पहिल्याला पाटील म्हणाला, रीत नव्हती. दुसऱ्याला तो वाल्मिककडं बघू लागला. त्यांनी बराच वेळ लिहिलं. मग सांगितलं की गुन्हा कबूल आहे, तेव्हा शिक्षा द्यावी लागते. कोर्ट उठेपर्यंत या बाईनं इथं बसून राहायचं. आणि कोंडवाडा पावसाळ्याआधी उंच, मोकळ्या जागी हलवायचा, किल्ली राखणदाराच्या हाती.

लोक म्हणाले, ही काय शिक्षा, मानच झाला. जयवंताला तसं वाटलं नाही. संध्याकाळपर्यंत ती कचेरीच्या पडवीत भिंतीला टेकून बसली आणि तिच्या कपाळावरची आठी गेली नाही. म्हैस दुभती होती, धारेची वेळ टळत होती. जे देवळात बसून राहिले ते आज जेवायला खाणावळीत गेले होते, आणि बसून राहायची शिक्षा तिला. नामा तिच्याशेजारी येऊन बसला. तो म्हणाला, "त्या रातीला मी थांब म्हनलो नसतो तर..."

"म्हनलासा खरं," ती म्हणाली. "आन मी ऐकलं." मग तिनं त्याच्या हातातली पुरचुंडी घेऊन भाकरी मोडली.

कोंडवाडा वैशाखात माळावर हलला. पाटलानं नारळ फोडला आणि जागा आपणच शोधल्याचं चार गावांत सांगितलं. जयवंता नारळाला गेली नाही. अंबाबाईची गाय व्याली. एके सकाळी जयवंताच्या अंगणात कोरड्या पेंढ्याचे दोन भारे टाकलेले होते, त्या साली सोन्यासारखे. तिनं ते मुकाट्यानं गोठ्यात नेले. दोघींत शब्द तरीही नव्हता.

शुक्राला नवा बैल मिळाला नाही. कागद वर गेले आणि वरच राहिले. ज्येष्ठात पेरणीच्या वेळी जयवंता आपला एक बैल घेऊन वाडीवर चढली आणि शुक्राच्या मारक्याबरोबर जुंपायला सांगून बांधावर उभी राहिली. दोघांची चाल जमेना. नांगराच्या तासाच्या टोकाला वळायची वेळ आली की मारका थांबायचा, शेजारी बघायचा आणि हलायचा नाही. शुक्रानं त्याला मारलं नाही. पाठीवर हात ठेवून तो म्हणाला, "दुसरा आधी वळायचा, मंग हा. त्याची वाट बघतो."

जयवंता शेतात उतरली, मारक्याची वेसण धरली आणि त्याला वळवून दिलं. पुढच्या टोकाला पुन्हा. दिवसभर ती प्रत्येक टोकाला अशीच उभी राहिली. संध्याकाळी उतरताना देवळाच्या पायरीवर वाल्मिक आणि दोघे-चौघे बसलेले दिसले. बैल तिनं मुद्दाम त्यांच्या अगदी जवळून नेला, त्यांना पाय वर घ्यायला लागले.